बर्फीचा वास

रिक्षा पुरती थांबायच्या आतच रिक्षावाला ओरडायला लागला, "नंदूभाऊ, आधी माझी सीट धुऊन द्या, मग त्या कुत्रीचं काय ते बघा!"

मागून द्वारकामावशी उतरल्या. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली बर्फी, नाकाला पदर, आणि चेहरा असा की आता या रडतील नाहीतर कुणाच्या तरी थोबाडीत देतील. बर्फी म्हणजे पांढरी शुभ्र पॉमेरियन. होती, असं म्हणायला हवं. कारण तेव्हा तिचा मागचा निम्मा भाग गुलाबी, ओला आणि खपल्याखपल्यांचा झाला होता. मी सीटकडे पाहिलं. रेक्झिनवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता आणि त्या एवढ्याशा डागाने अख्खी रिक्षा भरून टाकली होती. बोंबलाची पिशवी चार दिवस उन्हात विसरावी आणि मग तोंड खुपसून आत बघावं, तसा तो वास. मी बादली आणली, सीट पुसली. रिक्षावाला तोवर दहा पावलं लांब उभा राहून थुंकत होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. कराडच्या बाजारपेठेच्या टोकाला आमचं दुकान होतं. पुढे आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं कुत्र्यांचं. पुण्याला महिनाभर राहून मी कुत्र्यांचे केस कापायला, नखं काढायला, आंघोळ घालायला शिकून आलो होतो. गावात असलं कुणी ऐकलंही नव्हतं. आप्पांना तर हे दुकान घराण्यावरचा डाग वाटायचं. मावशी आत आल्या तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत होते. त्यांनी ब्रश ठेवला, उदबत्तीच्या पुड्यातून पाच काड्या काढल्या आणि एकदमच पेटवल्या. मोगरा आणि ती घाण एकत्र झाली. साबण फासलेलं गिऱ्हाईक तसंच उठून फुटपाथवर जाऊन उभं राहिलं.

"काय झालं, मावशी?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय?" मावशींनी बर्फीला माझ्या टेबलावर ठेवलं. "काल भरल्या पंगतीत ही बया ढुंगण घासत आली. ह्या भिंतीपास्नं त्या भिंतीपतुर, रेघ वडल्यागत. नि थांबली कुठं, तर ढवण सरांच्या टेबलाम्होरं. त्यांनी घास टाकला नि मोरीत जाऊन वकले."

मावशींची खानावळ पॉलिटेक्निकच्या मागे होती. पस्तीस बोर्डर. ढवण सर तिथेच शिकवायचे आणि बोर्डर लोकांत त्यांचा शब्द चालायचा.

"मग?"

"मग सगळी एक झाली. शनवारपतुर कुत्री गेली न्हाय तर आमी जातो, म्हणाले. जतचा दीर टेम्पो घिऊन येतोय शनवारी. मळ्यावर नेतो म्हणलाय." पदर नाकावरून खाली आला. "नंदू, तू कायबी कर बाबा. आज अशी धू की वास गेलाच पायजे. नवरा गेला, मूलबाळ न्हाय. ही गेली तर मी दिवसभर कुणासंगं बोलू? कणकीसंगं?"

तो बुधवार होता.

मी बर्फीला टबात घेतलं. शेपटीच्या मुळाशी केस उरलेच नव्हते. तिथली कातडी चावून चावून तिने सोलून काढली होती, खपलीखालून पाणी झिरपत होतं आणि कोमट पाणी ओतलं की खपल्या सुटून माझ्या बोटांना चिकटत होत्या. पंजांमध्ये लाल, कानात काळा चिकटा. हे सगळं मी औषधी शाम्पूने दोनदा धुतलं. मग शेवटचं काम. शेपूट वर धरायची, कापसाचा जाड बोळा लावायचा आणि ढुंगणाच्या दोन्ही अंगांना कातडीखाली ज्या दोन वासाच्या पिशव्या असतात, त्या अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून दाबायच्या.

हे काम कुणालाही आवडत नाही. पुण्यात पहिल्यांदा केलं तेव्हा ती पिचकारी थेट माझ्या शर्टाच्या खिशात गेली होती. मी दोन दिवस जेवलो नव्हतो. नंतर मात्र मला त्याचा एक प्रकारचा माज चढला. जे करायला कुत्र्याचा मालक धजत नाही, डॉक्टरसुद्धा नाक मुरडतो, ते मी उघड्या हातांनी करतो! आमच्या आप्पांची एक रीत होती. दाढी असो, कटिंग असो, गिऱ्हाईक उठायच्या आधी ते त्याच्या डोक्याची चंपी करायचे आणि मान कडकन मोडून द्यायचे. त्याचे वेगळे पैसे नाहीत. "गिऱ्हाईक खुर्चीतनं खूश उठलं पायजे," हे त्यांचं म्हणणं. माझ्या दुकानात चंपीच्या जागी हे होतं. आंघोळीला आलेलं प्रत्येक कुत्रं, लहान असो मोठं असो, मी शेवटी पिळून द्यायचो. आणि स्टँडवरचा कान साफ करणारा जसा मळ काढून तुमच्या तळहातावर ठेवतो, तसा मी तो कापूस मालकाला दाखवायचो. "बघा, केवढी घाण होती आत!" मालक तोंड फिरवायचा, पण खूश होऊन जायचा.

त्या बुधवारी बर्फीची डावी पिशवी लिंबाएवढी टणक आणि गरम होती. बोट लागताच ती किंचाळली. एरवी ती कण्हायची, पण असं नाही. मी मावशींना डोकं घट्ट धरायला सांगितलं आणि जोर लावला. काही येईना. आणखी जोर लावला. शेवटी करड्या रंगाची, दातांच्या पेस्टसारखी घट्ट वात बाहेर आली आणि तिच्यामागून रक्ताचा धागा. वास इतका उग्र होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींनी बर्फीच्या डोक्यावर डोकं ठेवलं होतं. "झालं गं, झालं. नंदू हाय न्हवं," असं त्या तिला सांगत होत्या.

मी कापूस दाखवला. मावशींनी माझ्यापुढे चक्क हात जोडले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता त्या पुन्हा दारात हजर. या वेळी रिक्षा मिळाली नव्हती, चालत आल्या होत्या. चादर पिवळी झाली होती. मी ती उलगडली. डावीकडची सूज फुटली होती. शेपटीखाली करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पू आणि रक्त मिळून गळत होतं. एक माशी त्याच्या कडेला बसून हात चोळत होती.

आम्ही गुरांच्या सरकारी दवाखान्यात तांबोळी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर साठीला आलेले, म्हशींमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांना कशाचीच किळस नव्हती. त्यांनी जखम पाहिली, वास घेतला, हो, वाकून मुद्दाम घेतला, आणि बोटाने आजूबाजूची कातडी चाचपली.

"कातडी दगड झालीय इथली," ते म्हणाले. "कोण पिळतं हिला?"

"ह्यो काय, आमचा नंदू!" मावशी म्हणाल्या. आवाजात असं कौतुक की माझा जणू सत्कार चाललाय. "वरीस झालं, दर पंधरवड्याला न चुकता. आवो डॉक्टर, असल्या घाणीत कोण हात घालतंय? सख्खं माणूस घालायचं न्हाय. ह्यो घालतो. नि त्येबी फुकट."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं का," एवढंच म्हणाले. मग मावशींना म्हणाले, "तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुम्हाला बघवणार नाही."

मावशी गेल्या. डॉक्टरांनी बर्फीला भुलीचं इंजेक्शन दिलं, पिचकारीने भोक धुवायला घेतलं. पाणी आत जायचं आणि चिकट, हिरवट गोळे घेऊन बाहेर यायचं. ट्रे माझ्या हातात होता. मी भिंतीकडे बघत होतो.

"तिकडे काय बघतोस? इकडे बघ," डॉक्टर म्हणाले. "हे तुझं काम आहे. चांगल्या जागेला दर पंधरा दिवसांनी चिमटे काढले तर ती सुजते. सूज आली की त्या पिशवीचं तोंड बंद होतं. तोंड बंद झालं की आत कुजतं. कुजलं की वास येतो. वास आला की ही बाई तुझ्याकडे येते आणि तू पुन्हा चिमटा काढतोस. कळतंय का काही?"

"हो."

"पिळावं लागतं कधीकधी. मीही पिळतो. पण भरून तुंबलेली असेल तेव्हा."

"आणि अंगाची खाज?" मी विचारलं. निदान ती तरी माझी नसावी असं मला फार वाटत होतं.

"ती खाण्याची. खानावळीतली तर्री, कोंबडीची कातडी, उरलेली भजी. त्यानेच अंग खाजतं आणि शी पातळ होते. शी घट्ट असली की जाताना तीच या पिशव्या दाबून रिकाम्या करते. देवाने सोय केलेली आहे. तुझी गरज नाही." त्यांनी ट्रे माझ्या हातातून घेतला. "दोन महिने भात, उकडलेला लाल भोपळा, अंडं आणि चमचाभर इसबगोल. बाकी एक कण नाही. जखम तीन आठवडे दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने धुवायची. गळ्यात प्लास्टिकचा कॉलर, म्हणजे चाटता येणार नाही. आणि माशी बसता कामा नये."

"ती शनिवारी जतला चाललीय, मळ्यावर."

"गोठ्यात?" डॉक्टरांनी हात धुतले. "मग आठ दिवसांत किडे पडतील आणि पंधरा दिवसांत मरेल. तसं मालकिणीला सांग. आणि दुसरंही सांगायचं असेल तर ते तू सांग. मी सांगणार नाही."

मावशींना मी किड्यांचं सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि झोपलेल्या बर्फीच्या कानाशी तोंड नेऊन रडायला लागल्या. पस्तीस बोर्डर गेले तर खानावळ बंद, आणि बर्फी गेली तर जिवानिशी. रडता रडता त्यांनी माझा हात धरला. "तू व्हतास म्हणून येवढे दिस तरी ऱ्हायली," म्हणाल्या. मला वाटलं, हात हिसकावून घ्यावा आणि पळत सुटावं.

शुक्रवारी मी आप्पांना सगळं सांगितलं. दुकानात कुणी नव्हतं. ते वस्तरा चामड्यावर घासत होते, तो थांबवला नाही.

"कुणी इचारलं का तुला?" ते म्हणाले.

"नाही."

"मग मूग गिळून गप बस. कुत्री उद्या जातीया, वास जाईल, मिटलं. ते बोर्डर लोक माज्या खुर्चीत डोकी घिऊन बसत्यात. त्यांच्या म्होरं उभा ऱ्हाऊन काय सांगणार हायेस? माजं बोट कुठं असतंय त्ये?"

"आप्पा, ती मरेल."

"कुत्रं हाय त्ये." मग, माझ्याकडे न बघता, "माज्या चंपीनं कधी कुणाची मान वाकडी झाली न्हाय." मला त्यांचा राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. मी त्यांच्याकडून रीत उचलली होती, हातातलं कसब नाही.

शनिवारी साडेबाराला मी खानावळीत पोचलो. दाराशी टेम्पो उभा होता, मावशींचा दीर आत कोपऱ्यात जेवत होता. सगळी टेबलं भरलेली. बर्फी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड, गळ्यात तो पांढरा कॉलर, शेजारी दोरी आणि तिचं भांडं बांधून ठेवलेलं. जखमेचा वास रश्श्याच्या वाफेत मिसळून अख्ख्या खोलीत पसरला होता. माणसं नाक दाबून धरल्यासारखी जेवत होती. मी टेबलांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

"मला जरा बोलायचंय," मी म्हणालो.

ढवण सरांनी मान वर केली. "बोला, काशीद. कुत्री न्यायला आलात का?"

"नाही. हा वास तिचा नाही. मी आणलाय तो."

पस्तीस ताटं थांबली. मी सगळं सांगितलं. पिशव्या कुठे असतात, मी काय करायचो, किती दिवस केलं, डॉक्टर काय म्हणाले. सांगताना शब्द शोधत होतो, पण त्या गोष्टीला जेवणाच्या टेबलावर बोलता येईल असा शब्द नाही. एकाने ताट पुढे सरकवलं. कुणीतरी "शी, शी" करत उठला. स्वयंपाकघराच्या दारात मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात भाताचा झारा. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे नसलेली घाण तुम्ही हातांनी तयार केलीत?" ढवण सर म्हणाले.

"हो."

"कशासाठी?"

"सेवा म्हणून."

कुणीतरी मोठ्यांदा हसलं. ढवण सर हसले नाहीत. मी म्हणालो, "मला तीन आठवडे द्या. जेवणाच्या दोन्ही वेळी मी तिला इथून नेतो, माझ्या शेडमध्ये ठेवतो. तीन आठवड्यांनी वास राहिला तर मी स्वतः तिला जतला सोडून येतो."

ढवण सरांनी आजूबाजूला पाहिलं. "तीन आठवडे," ते म्हणाले. "मावशींकडे बघून. पण तुमच्या दुकानात मी आता डोकं देणार नाही, तेवढं वडिलांना सांगा." त्यांच्यामागून आणखी चार-पाच जणांनी माना हलवल्या. दिराने हात धुतला, बडीशेप तोंडात टाकली आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला.

बर्फी राहिली. मला वाटलं, आता मावशी काहीतरी बोलतील. त्या वाढत राहिल्या. तीन वाजता शेवटचा बोर्डर गेला, तेव्हा त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवायला बसल्या. मी समोर पाटावर टेकलो. त्यांनी मला जेवतोस का म्हणून विचारलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

"तुला कधी कळलं ह्ये?" त्यांनी विचारलं.

"परवा. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा."

"खोटं बोलू नगंस."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण मघाशी एवढ्या लोकांसमोर बोललो होतो, त्याचा जोर अजून उतरला नव्हता.

"पुण्यातच सांगितलं होतं," मी म्हणालो. "भरलेली असली तरच हात लावायचा, नाहीतर लावायचा नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मावशींनी भाताचा घास कालवला. "पयल्यांदा मी तिला उन्हाळ्याची केस कापाया आणली व्हती. त्या दिवशी भरली व्हती?"

"नाही."

"वास?"

"काहीच नव्हता. साबणाचा होता."

"मग कशापायी हात लावलास?"

"कापसावर घाण दाखवली की माणसं खूश होतात, मावशी. पुन्हा येतात. त्या दिवशी एवढासा थेंब आला, तर तुम्ही सुद्धा किती खूश झाला होता. मग तुम्ही पंधरा दिवसांनी आलात." मी थांबलो. "सहा महिन्यांमागे लक्षात आलं होतं माझ्या. दर वेळी जास्त निघतंय, आणि तिला जास्त दुखतंय. पण तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, नंदूसारखा हात कुणाचा नाही म्हणून."

बर्फी उठली. कॉलर उंबऱ्याला आपटत, ताटाला घासत ती त्यांच्याजवळ आली. तो वास आला, ताज्या पुवाचा, आणि मी नकळत तोंड बाजूला केलं. मावशींनी डाव्या हाताने तिला उचलून मांडीवर घेतलं. लुगड्यावर पिवळा ओला डाग उमटला, तो पसरत गेला. त्यांनी तो बघितला, लुगडं सारखं केलं नाही, आणि उजव्या हाताने पुढचा घास तोंडात घातला. तो तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"नंदू," त्या म्हणाल्या, "तू तेवढा उठून भाईर बस."

"का, मावशी?"

"किळस येतीया मला. घास उतरंना."

मी उठलो. दारातून मागे वळून पाहिलं, तर त्या जेवत होत्या.